सगळं पुसणारं बटण

माझ्या नवऱ्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दाराची घंटा वाजली की हे आधी आतल्या खोलीत जातात आणि मग मला विचारतात, "कोण आहे गं?" आणि असा माणूस पोट कशावर भरतो, तर लोकांना घाबरवण्यावर.

मागच्या खोलीत ह्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांब टेबल, मगांवर अक्षरं छापायचं यंत्र आणि चालायला जागा उरत नाही इतकी खोकी. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी एकमेकांना गमतीच्या वस्तू भेट देतात, त्या हे बनवतात आणि इंटरनेटवर विकतात. 'माझ्या कॉम्प्युटरवर तर चालत होतं' असं लिहिलेला मग, 'ही चूक नाही, सोय आहे' असं छापलेला टी-शर्ट. यात हसायचं कुठे ते मला अजून कळलेलं नाही, पण खपतात.

सगळ्यात जास्त खपतं ते लाल बटण. मुठीएवढं, वर 'सगळं पुसा' अशी अक्षरं. वायर कॉम्प्युटरला जोडून ते दाबलं की पडदा काळा होतो, 'तुमच्या सगळ्या फाइली पुसल्या जात आहेत' असं येतं आणि खाली टक्के चढू लागतात. प्रत्यक्षात काहीच पुसलं जात नाही. शंभर टक्के झाले की पडद्यावर येतं, 'गंमत केली. पाणी प्या.'

आधी हे टक्के भराभर चढायचे. एकदा तपासताना ह्यांनी बटण दाबलं आणि स्वतःच्याच करणीने ह्यांना घाम फुटला. "फार अचानक होतं गं. माणसाला सावरायला जरा वेळ हवा," असं म्हणून ह्यांनी वेग कमी केला. आता शंभर व्हायला चहा उकळेल एवढा वेळ लागतो. ह्यांच्या मनात दयाच होती, हे मी शपथेवर सांगते.

आमची लेक, चिंगी, नुकतीच नोकरीला लागली होती. अजून कायम व्हायची होती. तिचं ऑफिस एका हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं काम बघतं. कुठल्या रोग्याला कुठलं औषध किती द्यायचं, ते सिस्टरना पडद्यावर दिसतं, ते हिच्या ऑफिसातल्या एका मोठ्या यंत्रामुळे. त्याला ते सर्व्हर म्हणतात. तिच्या साहेबांचा वाढदिवस होता, म्हणून ती सकाळी एक बटण घेऊन गेली.

दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"आई, बटणाचं कोणाला काही बोलू नकोस. मी बाजारातून आणलं असं सांगितलंय."

कोणीतरी हसत हसत बटण दाबलं होतं. साहेबांनी काळा पडदा पाहिला, टक्के चढताना पाहिले, आणि वेळ भरपूर असल्यामुळे त्यांनी जे करायला नको ते केलं. आधी आपल्या कॉम्प्युटरची वायर ओढली, मग पुसणं तिथवर पोचू नये म्हणून पळत जाऊन सर्व्हरचीही. अडाणी माणूस बघत बसला असता. साहेब पडले जाणकार. गंमत केली, हे वाचायला पडदा उरलाच नाही. आणि चालत्या सर्व्हरची वीज गेल्यामुळे तो पुन्हा सुरू होईना.

"ते सगळे बटणात व्हायरस शोधतायत," चिंगी म्हणाली. "हॉस्पिटलातून सारखे फोन येतायत. सिस्टर आठवणीने औषधं देतायत. आई, कोणाला चुकीचं गेलं तर?"

बटण निर्दोष आहे हे कळल्याशिवाय ती माणसं सर्व्हरकडे वळणार नव्हती. आणि सांगायचं, तर बटण कोणी आणलं, कोणाच्या घरात झालं, इथपर्यंत जाणार. म्हणजे पोरीची नोकरी संपली.

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेबांना सांग, विकणाऱ्याला बोलावलंय. तू मला ओळखत नाहीस," एवढंच बोलून हे चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

मी बरोबर गेले. रस्ताभर हे माझा दंड धरून चालत होते आणि मीही तो सोडवून घेतला नाही. पोलीस बोलावले असतील का, हे दोघांच्याही मनात होतं.

ऑफिसात सगळे एका टेबलाभोवती उभे होते. मधे बटण, पाना लावून उघडलेलं. चिंगी भिंतीला टेकून उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. ठरलं तसंच केलं पोरीने, पण पोटच्या लेकीने अनोळखी माणसासारखं बघावं, हे मला सोसवेना.

"हे खोटं आहे," हे म्हणाले. "म्हणजे, पुसल्याचं नुसतं दिसतं. पुसत काही नाही."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं. उंच माणूस, शर्टाची पाठ घामाने ओली.

"परत दाबून बघू."

ह्यांनी बटण पुन्हा जोडलं. साहेबांचाच कॉम्प्युटर सुरू केला. बाकी कशालाही तो जोडलेला नव्हता, तरी त्यांचं सगळं काम त्यात होतं. ह्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. टक्के चढू लागले, ह्यांनीच ठरवलेल्या त्या मेल्या संथ चालीने. दहा. अकरा. हे खोटं आहे हे मला माहीत होतं, तरी मला भीती वाटत होती. पलीकडे फोन वाजत होता आणि तो उचलायला कोणी जात नव्हतं.

साठाच्या पुढे गेल्यावर साहेबांना राहवलं नाही. ते वाकले आणि त्यांनी वायरला हात घातला.

"थांबा, सर," चिंगीने त्यांचं मनगट धरलं. "काही होणार नाही. हे माझे बाबा आहेत. मी खोटं बोलले. बटण त्यांनी केलंय, मी आमच्या घरून आणलंय."

आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. साहेब वाकलेलेच, मनगट तिच्या हातात, आणि पडद्यावर सत्तर, एकाहत्तर. कोणी हललं नाही. शेवटी शंभर झाले आणि गंमत केल्याची ओळ आली. ती वाचून एकही माणूस हसला नाही. फाइली सगळ्या जागच्या जागी होत्या.

"मग सकाळपासून का नाही बोललीस?" साहेबांनी विचारलं.

"भीती वाटली," चिंगी म्हणाली.

साहेब खुर्चीत बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मलाही," ते म्हणाले. "सर्व्हर मीच बंद पाडलाय, हे मला तेव्हाच कळलं होतं. बटणात व्हायरस निघावा, असं सकाळपासून म्हणत होतो मनात."

मग ते उठले आणि सर्व्हरच्या खोलीकडे निघाले. दारात थांबून चिंगीला म्हणाले, "चल, तूही ये. हॉस्पिटलला आधी फोन करू."