स्लॅबच्या घरातली शेगडी

दार तोडलं तेव्हा बाळ गुलाबी दिसत होतं. म्हणून मला आधी वाटलं, ते बरं आहे. आईचेही गाल रंग लावल्यासारखे लाल होते. ती खाटेवर कुशीवर झोपलेली, कानांवरून फडकं घट्ट बांधलेलं, बाळ काखेत. मी बाळाला उचललं. त्याची मान माझ्या हातावरून मागे पडली आणि तशीच राहिली. अंग कोमट होतं. खाटेखाली तेलाचा डबा कापून केलेली शेगडी होती, तिच्यात नुसती राख. बाळाच्या अंगात ऊब होती ती शेगडीची होती. पोर केव्हाच मेलं होतं. मुलगी होती. बारसं अजून व्हायचं होतं.

आईचा श्वास चालू होता. घशात काही अडकल्यासारखा, खरखर करत.

तिची सासू दाराला आतून पाठ लावून झोपलेली होती. त्यामुळे कडी तुटली तरी दार उघडेना. वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहणारा प्लंबर खांद्याने दार रेटत होता आणि म्हातारी दारासोबत फरशीवरून सरकत होती. तिला ओढून पॅसेजमध्ये आणलं तेव्हा ती ओकली. म्हणजे जिवंत होती.

खिडकीच्या फटींत लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. वरच्या झरोक्यात उशी बसवली होती. काम चोख होतं. दाराखालची फट सोडली तर वारा यायला कुठेही जागा ठेवली नव्हती.

मला बोलवायला आली होती ती या बाळाची मोठी बहीण. चार-पाच वर्षांची. सकाळी माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "आजी दार उघडंना." मी आधी तिच्यावरच ओरडले होते. "तू परत पॅसेजमध्ये झोपलीस? काल तुला आत पाठवलं होतं ना?" ती माझ्या पदराला धरून ओढायला लागली.

इमारत माझी आहे. सासरची भातशेती नवीन शहरासाठी गेली, बदल्यात नवीन पनवेलला प्लॉट मिळाला, नवऱ्याने त्यावर मजले चढवले आणि तो मेला. मुलं खारघरला टॉवरमध्ये राहायला गेली. भाडेकरूंशी भांडायचा मला कंटाळा आला होता. तेव्हा पुलाखालच्या कुटुंबांसाठी ही जागा वापरायची असं ठरवलं. मी चौथी शिकलेली. संस्था काढायला शिकलेली माणसं लागतात म्हणून मंडळावर एक वकील घेतले, एक डॉक्टरीण बाई घेतल्या. किल्ल्या माझ्याकडे राहिल्या. लोक येतात, वर्ष-दीड वर्ष राहतात. रेशनकार्ड होतं, पोरं शाळेत बसतात, भाड्याच्या खोलीसाठी थोडं साठतं, मग जातात. काहीजण पुन्हा पुलाखाली जातात. मी कोणाला धरून ठेवत नाही.

खोलीत विस्तव करायचा नाही, हा पहिल्यापासूनचा नियम आहे. स्वयंपाक खाली, सगळ्यांचा मिळून गॅसवर. नियम केला तो गादीवर ठिणगी पडेल म्हणून. मला आगीची भीती होती. दुसऱ्या कशाची भीती असते ते मला माहीत नव्हतं. इथे कोणालाच माहीत नव्हतं.

हे कुटुंब जालन्याकडचं. खांदा कॉलनीजवळ पुलाखाली बसून शिंदीच्या केरसुण्या बांधायचे आणि दारोदार विकायचे. म्हातारीचा मुलगा स्लॅबच्या फळ्या ठोकणाऱ्या सेंटरिंगच्या टोळीबरोबर उरणच्या बाजूला कामाला जायचा, आठवडा आठवडा यायचा नाही. तेव्हा म्हातारी सुनेला आणि नातीला भिंतीकडे झोपवायची आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला आडवी व्हायची. कोणी आलं तर आधी तिच्या अंगावरून जावं लागेल. सून तरुण होती, दिसायला चांगली. म्हातारीने ती राखली. हे मी खरं आहे तेच लिहिते, तिची बाजू घ्यायला नाही.

खोलीत आल्यावर ती दाराला पाठ लावून झोपायला लागली. मी म्हटलं, "अगं, कडी आहे ना दाराला."

"कडी लोखंडाची हाय," ती म्हणाली. "तिला काय कळतंय कोन आलं ते."

नातीला मात्र भिंतींत झोप येत नसे. चहूकडे भिंती दिसल्या की ती रडायची. रोज तिला आत पाठवायचो, रोज ती गोधडी ओढत पॅसेजमध्ये यायची. तिथे कठड्याबाहेर आभाळ दिसतं. मी तिला दोन-तीनदा चापटही मारली.

सुनेचं पोट पुढे आलं तशी म्हातारी माझ्या मागे लागली. पुलाखाली सुनेला एक मुलगा झाला होता. तो महिनाभर जगला. म्हातारीचं म्हणणं, बाळंतिणीला शेक मिळाला नाही, अंगात वारं शिरलं, दूध आटलं, म्हणून पोर गेलं. रस्त्यावर शेगडी कुठे लावणार आणि आडोसा कुठे करणार? आता देवाने चार भिंती दिल्या होत्या. या खेपेला सगळं रीतीने करायचं होतं. खाटेखाली निखारे, वर बाळंतीण, ओव्या-शेपाची धुरी, खिडक्या बंद.

"निखारे नाहीत," मी म्हटलं. "गरम पाण्याची पिशवी देते."

"रबराची?" ती हसली. "ती सायबाच्या गुडघ्याला लावत्यात. बाळंतिणीला रबराचा शेक? तुमच्या येळेला तुमच्या सासूनं काय दिलं व्हतं, पिशवी?"

"माझ्या सासूने शेगडी दिली होती. ते घर कौलांचं होतं."

"मंग? तुमाला शेगडी आन् माझ्या सुनंला रबर?"

"म्हातारे, नियम म्हणजे नियम."

"मला म्हातारी म्हनतासा. आरशात बगितलं का कंदी?"

प्लंबरची बायको पाणी भरत होती, ती फिसकन हसली. मला राग आला. मी म्हटलं, खोलीत विस्तव दिसला तर सामान खाली आणून ठेवीन, बाळंतीण असो नाहीतर कोणी असो. म्हातारी म्हणाली, "ठिवा. पुलाची वाट म्हायती हाय आमाला."

मुलगी झाली तेव्हा मला वाटलं, आता तिचा उत्साह कमी होईल. नाही झाला. दवाखान्यातून आल्या आल्या तिने सुनेचे कान बांधले. "लेकीच्या आईला काय वारं लागत न्हाई व्हय?" असं मलाच ऐकवलं.

कोळसा तिने इस्त्रीवाल्याकडून आणला. ओटीत लपवून. डबा कापून घेतला, खाली विटा ठेवल्या, गादीवर ठिणगी उडू नये म्हणून. माझ्या भीतीची तिने तेवढी दखल घेतली होती. कोळसा गच्चीवर फुंकून चांगला लाल केला, धूर संपू दिला, मग आत आणला. धूर असता तर कोणाला तरी वास आला असता. त्या थंडीत सगळ्यांचीच दारं बंद होती. त्या संध्याकाळी मी नातीला हाताला धरून आत सोडलं होतं. मी वळल्यावर ती बाहेर आली असणार.

सून आणि म्हातारी दोघींना रिक्षांनी दवाखान्यात नेलं. बाळ माझ्या मांडीवर होतं, मी ते फडक्यात गुंडाळलं होतं. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "मावशी, बाळ शांत आहे हां." मी हो म्हटलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने मला विचारलं, खोलीत कोळसा होता का? मग सांगितलं. बंद खोलीत निखाऱ्यातून विषारी हवा निघते. तिला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातं आणि गाल लाल राहतात. कौलांच्या घरात ती वर निघून जाते. स्लॅबमधून काही जात नाही. तो म्हणाला, दाराच्या फटीजवळ झोपलेली म्हणून सासू वाचली. सुनेला यंत्रावर ठेवलंय, मेंदूला सूज आहे, सांगता येत नाही.

म्हातारी दुसऱ्या वॉर्डात होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शुद्धीवर आल्यावर तिने मास्क बाजूला केला आणि मला विचारलं, "तिचे कान बांधलेत का?"

मी मास्क परत लावायला गेले, तिने माझा हात बाजूला सारला.

"तिथं लई गार ठिवत्यात. मला म्हायती हाय, यंत्राच्या खोलीत गार असतंय. वारं लागंल तिला. सिस्टरला सांगा की."

नर्स म्हणाली, "आजी, मास्क लावा, बोलू नका."

"बाळ कुनाकडं हाय?"

नर्सने माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडेच बघतात. मी सांगितलं. बाळ मेलं. शेगडीने मेलं. तू लावलेल्या शेगडीने. सून मरते की जगते ते माहीत नाही.

डॉक्टरीण बाई नंतर मला म्हणाल्या, असं तोंडावर सांगायला नको होतं, तिला मानसिक धक्का बसला. मला हे पटलं नाही. मी नाही सांगितलं तर तिचा पोरगा येऊन सांगणार होता, आणि तो हात उचलून सांगणार होता.

म्हातारी मला म्हणाली, "खोटं बोलतासा." मग म्हणाली, "लाल व्हती ती. मी झोपताना बगितलं. चांगली लाल झाली व्हती, शेक लागला व्हता." हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग नर्सने तिच्या तोंडावर मास्क दाबून बसवला.

मुलगा उरणहून आला. अंगावर सिमेंट तसंच. आधी माझ्यावर धावला. "पुलाखाली असं कोनी मेलं नव्हतं. तुमीच आमाला कोंडलं."

"पुलाखाली तुझा पोरगा मेला," मी म्हटलं.

तो खाली बसला. थोड्या वेळाने उठला आणि यंत्राच्या खोलीच्या काचेला डोकं लावून उभा राहिला. काचेतून सुनेचे पाय दिसत होते. कानांवरचं फडकं काढून टाकलेलं होतं, केस मोकळे होते. आईला बघायला तो गेला नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "ती हाय ना जित्ती? मंग ऱ्हाऊ द्या." सुनेच्या आईवडिलांना कळवायचं का विचारलं, तर म्हणाला, ते कुठल्या पुलाखाली आहेत ते माहीत नाही.

मधल्या दिवसांत मंडळाची बैठक झाली. वकील म्हणाले, सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाका. मी म्हटलं, कडीसाठीच तर ही माणसं इथे येतात. झरोक्यांच्या जागी जाळ्या बसवल्या, ज्या बुजवता येत नाहीत. तेवढ्यावर बैठक संपली. चहा झाला.

सून गेली. यंत्र काढलं तेव्हा तिचा नवरा बाहेर तंबाखू मळत होता. दवाखान्याने तिला आणि बाळाला एकत्रच ताब्यात दिलं. त्यानंतर तो टोळीबरोबर गेला, कुठे ते सांगून गेला नाही. मुलीला घेतलं नाही, आईलाही नाही.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, आपण कुटुंबांना ठेवतो, आता या दोघींना कुटुंब म्हणायचं का? मी म्हटलं, तुम्ही काहीही म्हणा, खोली त्यांची आहे.

म्हातारी आता केरसुण्या बांधत नाही. बोटं थरथरतात, डॉक्टर म्हणतो ते तसंच राहणार. शेजारणी तिला ऐकू जाईल असं बोलतात. "हीच ती, शेगडीवाली." ती एकदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, मला परत पुलाखाली सोडून या. मी म्हटलं, नात शाळेत जाते, कुठेही जायचं नाही. ती खोलीत गेली आणि तिने दार लावलं नाही. ती दार लावतच नाही. पोरगी पॅसेजमध्ये झोपते. मी तिला आता आत पाठवत नाही.

त्या रात्री त्या खोलीत तिघी होत्या. त्यांतली सासू जगली. बाहेर पॅसेजमध्ये पोरगी होती, ती जगली.