महादेवला टीममधून काढायला गेलो, त्याची गोष्ट

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहाचे कप आधी खाली ठेवा. मागं हीच गोष्ट सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि "सर, असं कसं झालं?" हे मात्र मध्येच विचारू नका. कसं झालं ते मलाच कितीतरी दिवस कळलं नव्हतं!

मी जळकोटला शाळेत मराठी शिकवतो. वय सत्तेचाळीस. पण रविवारी मी सर नसायचो, कॅप्टन असायचो. गावच्या टेनिस बॉल क्रिकेट टीमचा. अकरा वर्षं. कॅप्टन कसा झालो? स्पर्धेचा अर्ज भरायला आणि पंचाशी नियमावरून भांडायला कुणीतरी बोलका माणूस लागतो, म्हणून झालो. सलामीलाही मीच जायचो. तिथं जायला बोलकेपणा कशाला लागतो, हे मला कुणी विचारलं नाही.

आमचा खरा हिरा म्हणजे तौफिक. हायवेला त्याचं वेल्डिंगचं दुकान. बॅट धरली की पलीकडच्या टीमची दोन माणसं उसाच्या फडातच उभी करावी लागायची, बॉल शोधायला. बॉलिंग टाकायला लागला की आमचा कीपर ओव्हर संपेपर्यंत हात झटकत असायचा. मागच्या साली अणदूरच्या मैदानावर कॅच धरायला पळताना पाय दगडावरून निसटला आणि नडगीचं हाड मोडलं. सोलापूरला नेऊन रॉड टाकला. आठ महिने गडी काठी घेऊन बाउंड्रीला बसायचा आणि प्रत्येक बॉलला त्या काठीनं हवेत शॉट मारायचा. बघवत नव्हतं.

त्याच्या जागी आम्ही महादेवला घेतला. महादेवची गावात पिठाची गिरणी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला अगदी कमी. हळू ऑफस्पिन टाकतो. किती हळू? बॅट्समनला दोनदा विचार करायला वेळ मिळतो, आणि दुसऱ्या विचाराला तो आउट होतो! आठ महिन्यांत त्यानं आम्हाला तीन मॅचेस जिंकून दिल्या.

आणि जानेवारीत, आमच्याच गावच्या स्पर्धेला आठ दिवस असताना, तौफिक शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिला. काठी नाही, काही नाही. मला बघून जागच्या जागी तीन उड्या मारल्या.

"सर, डॉक्टर बोले, खेळ बिनधास्त!"

मी त्याला मिठी मारली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मिठी सुटायच्या आत मी मनातल्या मनात नावं मोजली. जागा अकरा, आणि माणसं झाली बारा. आता उठायचं कुणी?

त्या दिवशी घरी मी एका कोऱ्या उत्तरपत्रिकेवर अकरा नावं लिहिली आणि पेन घेऊन बसलो. किरण व्हाइस कॅप्टन, त्याला हात लावायचा नाही. कीपर एकच. असं करत करत पेन महादेवच्या नावावर येऊन थांबायचं. ज्याच्या जागी आला तो परत आला, हिशोब सोपा होता. पण मन तयार होईना. त्यानं काय वाईट केलं होतं?

माझी बायको सुनंदा, तिनं मागून कागदात डोकावलं.

"पहिल्या नावावर पेन टेकवलंच नाही तुम्ही."

"ते माझं नाव आहे."

"व्हय, वाचता येतं मला."

"अगं, मी कॅप्टन आहे."

ती भाकरी थापायला गेली. मलाही त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. खरंच सांगतो, अजिबात वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गेलो. लाइट गेलेली, त्यामुळं गिरणी बंद आणि महादेव एकटाच पोत्यावर बसलेला, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. आता सरळ सांगायचं की नाही? 'महादेव, रविवारी तू नाहीस, तौफिक आहे.' एवढं एक वाक्य! पण मी मराठीचा मास्तर. मला वाटलं, असं धाडकन बोलून माणूस दुखावण्यापेक्षा जरा नाजूक हातानं घ्यावं.

"महादेव," मी म्हटलं, "तौफिक परत आला. आता कुणाला तरी थांबावं लागणार."

"व्हय सर."

"थांबणं सोपं नसतं रे. इतके दिवस मनापासून खेळलेला माणूस. पण टीमचं भलं कशात आहे, हे ओळखून जो आपणहून बाजूला होतो, त्याला लोक विसरत नाहीत."

महादेवनं भुवयांवरचं पीठ पुसलं. मग हळूच म्हणाला, "सर, म्हंजी ठरलंच का?"

"ठरलं. रात्रभर झोप नाही मला. जड जातंय, पण ठरलं."

"लई मोठी गोष्ट हाय सर ही."

किती समजूतदार माणूस! मी म्हटलं, "तुला राग नाही ना आला?"

"मला? मला कशाचा राग! टीमला म्या सांगू का?"

"तूच सांगितलंस तर फारच बरं. मला ते जमणार नाही."

तो उठला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. मी कोपरापर्यंत पीठ माखून घरी आलो, आणि सुनंदाला म्हटलं, "बघ! भाषा येत असली की माणूस न दुखवता काढता येतो."

तिसऱ्या दिवशी किरणचा फोन.

"सर, महादेवनं सांगितलं. काय बोलू? याला लई मोठं काळीज लागतंय."

मला वाटलं, हा महादेवचं कौतुक करतोय. मी म्हटलं, "लागतंच. म्हणून मी म्हणतो, नुसतं बाजूला करून चालणार नाही. मान देऊन निरोप द्यायचा."

"आमी बी तेच म्हणत होतो! मॅचच्या आधी सत्कार ठेवू. शाल, नारळ, फेटा. सरपंचबाईंना बोलावतो."

"बोलव. आणि बॅनर लावा चांगला मोठा! काही कमी करू नका. माणसानं एवढं दिलंय टीमला."

मग किरण म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, सर."

आता मला सांगा, जो माणूस स्वतःच्या सत्कारात 'बॅनर मोठा लावा, काही कमी करू नका' म्हणतो, त्याच्याबद्दल त्या पोराला काय वाटलं असेल?

रविवार उजाडला. महादेवसाठी मी दोन पानांचं भाषण लिहिलं होतं. खरं सांगतो, चांगलं उतरलं होतं. मैदानावर मी मांडवाच्या मागच्या बाजूनं शिरलो, त्यामुळं बॅनर मला दिसला तो पाठमोरा. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, कॅप्टनचा मान. शेजारी सरपंचबाई. महादेव मात्र खाली, टीमच्या रांगेत, खेळायच्या कपड्यांत उभा. मला वाईट वाटलं. बिचारा, सवयीनं बूट घालून आला!

मग किरणनं माईक हातात घेतला.

"अकरा वर्षं टीम सांभाळून, आज तौफिकसाठी आपणहून आपली जागा सोडणारे आपले सर..."

मी टाळ्या वाजवत होतो. खरंच! तीन-चार टाळ्या मी वाजवल्या. मग 'आपले सर' कानात शिरलं आणि मान वळवून मी मागं बघितलं. आठ फूट बाय दहा फूट. त्यावर मी. सिक्स मारताना. तो बॉल सिक्स गेलाच नव्हता, लाँगऑनला कॅच झाला होता, पण फोटोत ते कुठं दिसतं?

मी ताडकन उठलो. "अहो नाही! मी नाही! महादेवचा सत्कार आहे!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! सरपंचबाई माईकवर म्हणाल्या, "बघा, अशा वेळेला पण सर दुसऱ्याचंच नाव घेतायत!"

"अहो, ऐका तरी, माझा गैरसमज..."

"गैरसमज न्हाय सर, तुमचा मोठेपणा हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. तोवर माझ्या डोक्याला फेटा बांधणं सुरूसुद्धा झालं होतं. फेटा बांधत असताना माणूस भांडू शकत नाही, मान हलवता येत नाही.

बोलायला उभा केला तेव्हा ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. समोर बघितलं, तर तौफिक बाहीनं डोळे पुसत होता. आठ महिने काठी घेऊन बसलेला माणूस! त्याच्यासाठी कुणीतरी जागा सोडली, यानं तो रडत होता. त्याच्यापुढं काय म्हणू? 'सोडली नाही रे, चुकून सुटली'?

मी खिशातलं भाषण काढलं. 'महादेव, तू' असं जिथं जिथं होतं तिथं 'मी' म्हणत वाचायला लागलो. "एक वेळ अशी येते की आपल्या असण्यापेक्षा आपलं बाजूला होणं टीमच्या जास्त उपयोगी पडतं." "आपली जागा म्हणजे आपली मालकी नव्हे." एकेक वाक्य वाचत होतो आणि एकेक वाक्य मलाच पटत होतं! लिहिताना महादेवकडं बघून लिहिलं होतं, म्हणून इतकं खरं लिहिता आलं. स्वतःकडं बघून यातली एक ओळ तरी मी लिहिली असती का?

मॅच सुरू झाली. माझ्या जागी सलामीला तौफिक गेला. पहिल्याच ओव्हरला दोन बॉल उसात. महादेवनं तीन विकेटा काढल्या. आम्ही जिंकलो, आणि चांगलेच जिंकलो. मी फेटा घालून उन्हात मधल्या खुर्चीवर. सगळे पाया पडून गेले, गळ्यात पडून गेले. आणि मी एकच गोष्ट ऐकायला कान लावून बसलो होतो. 'सर, नका ना सोडू.' एवढंच. अकरा जणांपैकी एकानं तरी म्हणावं, खोटं का होईना. कुणी म्हणालं नाही.

घरी आल्यावर फेटा सोडताना सुनंदा म्हणाली, "बरं दिसत होतात हो." ती त्यानंतर या विषयावर एक शब्द बोलली नाही. तिचे उपकार मानतो मी.

पुढं पाच-सहा महिने लोक मला रस्त्यात थांबवून माझ्या त्यागाबद्दल बोलायचे आणि मी मान खाली घालायचो. त्यांना ती नम्रता वाटायची. शेवटी मला राहवेना. एका दुपारी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीवर गेलो. महादेव एकटाच होता. म्हटलं, या माणसाशी तरी खरं बोलू.

"महादेव, एक सांगायचंय. त्या दिवशी मी माझं सांगायला आलो नव्हतो. तुला काढायला आलो होतो."

महादेवनं पिठाचा डबा पुसला, झाकण लावलं, माझ्यापुढं ठेवला.

"ठाऊक हाय मला."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"त्याच दिशी. तुमी 'कुणाला तरी' म्हणला तवाच."

"अरे मग बोलला का नाहीस?"

तो जरासा हसला. या माणसाला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"सर, मला काढायचं तर तुमाला एक दिस पुरला. तुमाला काढायचं म्हणून टीमचे दहा जण, म्या यायच्या आधीपास्नं, चार वर्सं बसले होते. कुणाचीच जीभ रेटत नव्हती. त्या दिशी तुमीच सगळं इतकं नीट बोलून दिलं, निस्तं नाव तेवढं घालायचं ऱ्हायलं होतं. ते म्या घातलं!"