सूर पुरेल असा पियानो

मामीबरोबर खरेदीला जाऊ नये, हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक आहे. साधी उशी घ्यायची तरी ती दुकानातल्या गादीवर आडवी होते, डोळे मिटते आणि दुकानदाराला म्हणते, "जरा बोलू नका." अशा बाईला आता पियानो घ्यायचा होता, आणि गाडी माझ्याकडे होती. बायको म्हणाली, "भोगा आता."

मामी एका गाणाऱ्या मंडळात पियानो वाजवते. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर आठवड्याला ही माणसं जमतात. एक शिंपी, दोन नर्स, पोस्टातला निवृत्त कारकून, एक बेकरीवाली, असे वीस-बावीस जण. कुणी थोर गायक नाही. मामीही थोर वादक नाही, हे ती स्वतःच सांगते. तिचं म्हणणं एवढंच, की गाणाऱ्याला पियानोची आठवणसुद्धा होता कामा नये. त्याला वाटलं पाहिजे, आपलं आपणच छान चाललंय. मामाही तिथेच गायचा, मागच्या रांगेत डाव्या टोकाला, खर्जात. जन्मभर ओतकामाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. छाती पार खलास झाली होती, पण आवाज असा की शेजारच्याच्या खुर्चीला कळावा. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील.

तो गेल्यावर मामीने मोठं घर सोडलं आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. घरचा जुना पियानो जिन्याच्या वळणावर वळेना, म्हणून तो एका शाळेला देऊन टाकला. हॉलमध्ये आहेच की एक, असं ती म्हणाली. मग हॉलच्या पियानोला वाळवी लागली आणि तो भंगारात गेला. इथे घोडं अडलं. मंडळाला नुकताच नवा मास्तर मिळाला होता. शाळेत गणित शिकवणारा, वक्तशीर, मनाने वाईट नाही. त्याने सरळ सांगितलं, की वर्षाच्या कार्यक्रमाला एकतर मामींनी स्वतःचं वाद्य आणावं, नाहीतर रेकॉर्ड केलेलं संगीत लावू आणि पुढेही तेच ठेवू. म्हणजे पियानो नाही तर मामीही नाही. आणि मंडळ सोडलं तर मामीकडे उरतं काय? टीव्ही आणि मी.

तेव्हा डिजिटल पियानो घ्यायचा ठरला. अटी ऐका. कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत बसला पाहिजे. मला एकट्याला तीन जिने वाहून नेता आला पाहिजे, कारण लिफ्ट नाही. गाडीची मागची सीट पाडून आत मावला पाहिजे. पट्ट्या पूर्ण हव्यात आणि खऱ्या पियानोसारख्या जड हव्यात, खेळण्यातल्यासारख्या टकटक करणाऱ्या नकोत. स्पीकर अंगचेच हवेत, म्हणजे घरी वेगळं लटांबर नको. आणि हे सगळं मामीच्या पेन्शनला परवडलं पाहिजे. मी म्हटलं, "मामी, यात चहासुद्धा करून देणारा हवा का?" ती म्हणाली, "तू टेप घेतलीस का मापाला?"

पहिल्याच दुकानात मला वाटलं, सुटलो. सडपातळ, काळा, हलका, परवडणारा. मामीने पट्ट्या दाबून पाहिल्या, मान हलवली. बरं आहे, म्हणाली. मग मंडळाचं एक गाणं वाजवायला घेतलं. चांगलं चाललं होतं. दोन कडवी झाली आणि ती थांबली. हात पट्ट्यांवर, पाय पेडलवर, मान जराशी डावीकडे वळलेली. सूर आपला हळूहळू विरत होता. विक्रेत्याला वाटलं संपलं, तो म्हणाला, "वा, फारच छान." मामीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सूर गेला, तशी ती उठली. "नाही पुरत," म्हणाली.

"काय पुरत नाही?" मी विचारलं.

"सूर. लवकर जातो."

विक्रेता समजूतदार होता. स्वस्तातल्या पियानोत असंच असतं, पेडल दाबून धरलं तरी सूर फार वेळ टिकत नाही, पण वाजवताना पुढचे सूर येतच राहतात, त्यामुळे कुणाला कळतसुद्धा नाही, असं त्याने सांगितलं. "एकाच सुरावर इतका वेळ बसून राहतं कोण?" त्याने विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.

मग सुरू झाली आमची वणवण. एका दुकानात सूर पुरत होता, पण पट्ट्या लोण्यासारख्या. दुसरीकडे पट्ट्या झकास, पण तो फक्त स्टेजचा, त्याला स्पीकरच नाहीत. तिसरीकडचा इतका जड की मी एक टोक उचललं आणि माझ्या कमरेने जागच्या जागी राजीनामा दिला. प्रत्येक दुकानात मामी तेच गाणं वाजवायची. प्रत्येक दुकानात दुसऱ्या कडव्यानंतर थांबायची, मान डावीकडे करायची आणि बसून राहायची. एका दुकानातला माणूस मला हळूच म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या नाकी नऊ आले होते.

मी तिला किती वेळा विचारलं, की एवढं थांबतेस कशाला? ती म्हणायची, "तिथे थांबायचं असतं." बस्स. पुढे मूग गिळून गप्प.

कार्यक्रम तोंडावर आला. एका संध्याकाळी तिला आणायला मी हॉलवर गेलो तर तालीम चालू होती. मामी कुणाचा तरी उसना आणलेला छोटा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. तेच गाणं. दुसरं कडवं झालं आणि सगळे थांबले. मास्तरने हात खाली टाकले.

"पुन्हा तेच," तो म्हणाला. चिडला होता, पण आवाज चढवला नव्हता. "दर वेळी आपण इथे थांबतो. का थांबतो? कागदावर इथे थांबा नाही. सरळ पुढचं कडवं आहे."

नर्स खाली बघत होत्या. शिंपी म्हणाला, "सवय आहे, सर."

"मग मोडा सवय. गाण्याचा पार जीव जातो तिथे. मामी, खरं सांगू का? तुम्ही थांबता म्हणून हे थांबतात. रेकॉर्डिंग थांबत नाही. मला ते बरं वाटतं ते याचसाठी."

मामीने कीबोर्डवर हात ठेवले होते, ते काढून घेतले. "नाही थांबणार," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. "मास्तर बरोबर बोलला," मी म्हटलं. "कागदावर नाही त्या थांब्यापायी तू मला अख्खं शहर फिरवलंस. सूर पुरत नाही म्हणे. थांबायचंच नसेल तर पुरायचा कशाला? पहिल्या दुकानातला काय वाईट होता?"

मामी खिडकीबाहेर बघत होती. "काही वाईट नव्हता," ती म्हणाली. "उद्या तोच घेऊ."

म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. एवढा द्राविडी प्राणायाम करून आम्ही पुन्हा त्याच विक्रेत्यापुढे उभे. या वेळी मामीने वाजवूनही पाहिला नाही. बदलून हवा असेल तर महिनाभरात या, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मुळीच येणार नाही. खोकं खांद्यावर घेऊन मी जिना चढायला लागलो. मामी पुढे होती, हातात नुसता स्टँड, तरी प्रत्येक वळणावर उभी राहायची. तिच्यामागे मी खांद्यावर पियानो तोलत अडकायचो.

"आता इथे कशाला थांबलीस?"

"थांबले का?" ती म्हणाली आणि चढायला लागली.

वर जाऊन पियानो लावला. कपाट आणि खिडकीच्या मध्ये तंतोतंत बसला. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिने त्यावर फडकं मारलं आणि चहा ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो. आजवर कधी गेलो नव्हतो. मामा प्रत्येक वर्षी बोलवायचा आणि दर वर्षी मला काहीतरी काम निघायचं. हॉल बऱ्यापैकी भरला होता. पियानोचा आवाज छान येत होता, मास्तरही खुशीत दिसत होता. ते गाणं चौथं होतं. ते सुरू झालं. मामीने कबूल केलं होतं, की थांबणार नाही. थांबली तर तिची खुर्ची जाणार, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दुसरं कडवं संपलं. मामी थांबली नाही. मास्तरच्या हाताबरोबर पुढच्या कडव्यात शिरली, अगदी घड्याळासारखी. पियानो एकटाच पुढे गेला.

मागे कुणी आलंच नाही. वीस-बावीस माणसं तोंड मिटून उभी होती. मास्तर हात हलवत होता, डोळे मोठे करत होता, पण कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. काहींची मान जराशी डावीकडे झुकली होती. मामीने वर पाहिलं. तिचे हात उचलले गेले. आणि मग त्या सगळ्यांनी मिळून श्वास घेतला. लांब, सावकाश, खोल विहिरीतून पोहरा वर ओढावा तसा.

तो श्वास मी ओळखला. मामा जिन्याच्या वळणावर उभा राहायचा तेव्हा तो असाच घ्यायचा. आम्ही सगळे त्याच्याबरोबर थांबायचो. कुणी चपलेचा पट्टा ठीक करायचा, कुणी किल्ली शोधायचा, आणि त्याचा श्वास भरला की सगळ्यांना एकदम किल्ली सापडायची. लहानपणापासून मी हे करत आलो होतो. आणि दुकानादुकानांतून तेच समोर घडत असताना मला कळलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

श्वास पुरा झाला. मामीने पट्ट्यांवर हात ठेवले आणि सगळे एकदम पुढच्या कडव्यात गेले. काय गायले सांगू. मास्तरचे हात त्यांच्यामागून गेले.

कार्यक्रम संपल्यावर तो पियानोपाशी आला. मी वायर गुंडाळत होतो. त्याचा चेहरा उतरला होता.

"मामी, तुम्ही थांबला नाहीत, ते मी पाहिलं," तो म्हणाला. "मग हे का थांबले?"

मामीने पियानोचं झाकण लावलं. "आमच्या यांचा दम पुरत नसे हो," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्यानंतर त्यांना जरा वेळ लागायचा. तर सगळे थांबायचे. ठरवलं कुणीच नव्हतं."

"अहो, पण मला कुणी सांगितलं का नाही? मी इतके दिवस तुम्हाला..." तो म्हणाला. "एक शब्द पुरला असता."

"त्यांनाही कधी सांगितलं नाही," मामी म्हणाली. "त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, गाणंच तसं आहे. घरी येऊन म्हणायचे, हे गाणं रचणारा मोठा शहाणा, बरोबर माझा दम संपतो तिथेच थांबा ठेवलाय. मग कुणापाशी कसं बोलणार? बोललं की त्यांच्या कानावर गेलंच असतं. ते गेल्यावरही ती सवय मोडली नाही."

मास्तरने पियानोचं दुसरं टोक उचललं आणि माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला. मागचं दार बंद करताना तो मामीला म्हणाला, "पुढच्या वेळी किती थांबायचं ते तुम्ही मला मानेने सांगा. मला अजून अंदाज नाही."

गाडी निघाली. वळणावर ती म्हणाली, "हा बदलून मिळेल का रे?"

"का?"

"सूर नाही पुरत."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच दुकानात. विक्रेत्याने मला पाहून कपाळाला हात लावला. त्याच्याकडे वरच्या दर्जाचा एक पियानो होता, दाखवायला मांडून ठेवलेला, एका कडेला ओरखडे पडलेले, म्हणून परवडण्यासारखा. वजन बरंच जास्त. माझ्या कमरेचं काय व्हायचं ते होवो. मामी बसली, गाणं सुरू केलं. दुसरं कडवं संपलं, ती थांबली, पाय पेडलवर, मान डावीकडे. मी तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो आणि मामा घ्यायचा तसा श्वास घ्यायला लागलो, सावकाश, आतून खरखर करत, मध्ये एकदा अडकून. मामीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले, पण पाय पेडलवरून हलला नाही.

"छान वाजवलंत," विक्रेता म्हणाला. "मग बिल करू का?"

मी हात वर केला. "थांबा जरा," मी म्हटलं. "मामाचं अजून व्हायचंय."