तुरटी फिरवलेलं पाणी

आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि आमच्या हॉलमध्ये समुद्र होता. संभाजीनगरात खाऱ्या पाण्याची टाकी करून प्रवाळ पाळायचं माझ्या नवऱ्याला कुठून सुचलं, तेच जाणोत. वाळूजच्या कारखान्यातून बारा तासांनी घरी आले की ते टाकीसमोर बसून चहा प्यायचे. तेवढंच त्यांचं सुख, म्हणून सुरुवातीला मीही कौतुक केलं.

पण त्या टाकीला नळाचं पाणी चालत नव्हतं. उन्हाळ्यात रोज दोन बोटं पाणी उडून जायचं आणि मीठ मागं राहायचं. मग तेवढंच बिनमिठाचं, फिल्टरमधून काढलेलं पाणी वरून घालायचं. आमचा फिल्टर एक बादली पाणी द्यायचा आणि तीन बादल्या बाहेर फेकायचा. ते फेकलेलं पाणी मी फरशीला वापरायची, संडासात ओतायची, तरी जीव जळायचा. एक बादली भरायला चार तास, आणि तोवर घराबाहेर पडायची सोय नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. दोन वर्षांत मी कुठं मुक्कामाला गेले नव्हते. लग्नाला गेले तरी अक्षता पडल्या की न जेवता घरी.

अशात गंगापूरला माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आई एकटीच राहायची आणि मी तिची एकुलती एक. नंतर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे होते. आठ दिवस मी जाणारच, असा हट्टच धरला. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. पानीच घालायचं ना? जन्म गेला माझा पानी भरन्यात."

मी त्यांना पाणी कुठवर हवं ती काचेवरची रेघ दाखवली, भरून ठेवलेल्या बादल्या दाखवल्या. नळाचं घालू नका, हे तीनतीनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. माझा नेम चुकला आणि पहिला थेंब तिच्या गालावर पडला. आम्ही दोघी खूप हसलो. दुपारी नवऱ्याचा फोन आला. सगळे प्रवाळ आखडून गेलेत, लगेच ये. थेंबांची बाटली शेजारणीच्या हातात देऊन मी जीपमध्ये बसले.

मी घरी पोचले तर नवरा बूटही न काढता टाकीसमोर बसलेला, सासूबाई स्वयंपाकघरात. वीज दिवसभर नव्हती, फिल्टर बंद, बादल्या संपलेल्या. मग सासूबाईंनी प्यायच्या माठातलं पाणी टाकीत घातलं होतं. "तुझ्या गळ्याची आन, नळाचं तसंच नाय घातलं. दोनदा तुरटी फिरवली, फडक्यातून गाळलं. देवापुढं ठेवते तसलं."

घरातलं सगळ्यात चांगलं पाणी त्यांनी दिलं होतं. तुरटी चालत नाही, हे मीच सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर काय रागवायचं? खरं सांगते, सगळं मरून गेलं तर मी सुटेन, असंही मनात येऊन गेलं. पण प्रवाळ मेले नाहीत.

"पंधरा दिवस रोज थोडं थोडं पाणी बदलायला लागेल," ते हळूच म्हणाले. "तुझ्याशिवाय कोण करणार?" ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं.

सासूबाईंनी ते ऐकलं. सकाळी त्या पिशवीत दोन लुगडी भरून उभ्या. विहिणीच्या घरी त्या चहापलीकडं कधी बसल्या नव्हत्या, मानपानाच्या फार पक्क्या. "तुझ्या त्या मासळ्यांचं मला काय कळत नाय. डोळ्यात थेंब घालता येत्यात. म्या जाते गंगापूरला."

मी त्यांना एसटीत बसवून आले. डोळे भरून आले होते आणि त्यांचा हेवाही वाटत होता. खरं तर जाणारी मी होते.

चार दिवसांनी आईचा फोन आला. आवाज खुशीतला होता. "विहीणबाईंचा हात लई हलका हाय गं. येक थेंब वाया जात नाय. रात्री दोघी गप्पा मारत बसतो." मग म्हणाली, "तू कधी येतीस?"

मी काचेवरच्या रेघेकडं पाहिलं. पाणी दोन बोटं खाली गेलं होतं.