कोठीच्या खोलीतलं गाणं

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. माझी पुण्याची भाची या सदराची कात्रणं पाठवते. तुमचे अनुभव वाचताना दर वेळी मनात म्हणतो, याला काहीतरी साधं कारण असणार. वीज खात्यात नोकरी केलेला माणूस मी... दिवा गेला तर फ्यूज बघायचा, देव नाही, असा माझा स्वभाव. भूतखेत, करणी मी कधी मानली नाही, आजही मानत नाही. पण माझ्या तोंडून एका बाईची बदनामी झाली. ती पुसायला माझ्याजवळ आता फार वेळ नाही, म्हणून लिहितो.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. देवनागरी मी नोकरीतल्या हिंदीच्या परीक्षेसाठी शिकलो, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

नव्वदनंतरची वर्षं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आला होता, घरोघर केबलची वायर चालली होती. त्या सुमाराला अक्काला — माझ्या थोरल्या बहिणीला — स्ट्रोक झाला. उजवी बाजू हळूहळू सुधारली, पण वाचा गेली. सगळं कळायचं, बोलायला जायची आणि नुसता 'त... त...' निघायचा. मग डोळ्यांत पाणी यायचं. अक्का तरुणपणीच विधवा होऊन परत आली होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधीकधी शाबूत राहतं. गाण्यातून शब्द परत आणता येतात, म्युझिक थेरपी म्हणतात. कोणी मिळतंय का बघा.

बघा म्हणजे कुठे? या गावात संगीत शिकवणारे गल्लोगल्ली. पहिल्या विद्वानांनी विचारलं, ब्लड प्रेशर आहे का, त्याला माझ्याकडे राग आहे. दुसऱ्यांनी आपल्याच कॅसेट दाखवल्या. तिसरे म्हणाले, बाईंना आधी व्हायोलिन शिकवू. घरी येऊन हे सांगितलं तर माझी बायको कमला म्हणाली, "अहो, तुम्हीच शिका. घरातला एक आवाज गेलाय, दुसराही जाईल." अक्का हसली. तिचं ते हसू बघून मी आणखी हिंडलो.

शेवटी व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं वसंताचं नाव सांगितलं. पापनाशमची तमिळ बाई, पस्तिशीची. मद्रासला रीतसर शिकून आलेली, मतिमंद मुलांच्या शाळेत काम करायची. दुपारी बसनं यायची. अक्काचा डावा हात हातात घेऊन मांडीवर ठेका धरायची, आणि एकेक ओळ गुणगुणून पुढची जागा मोकळी ठेवायची... रोगी ती भरेल म्हणून.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "सार, यांच्या लहानपणची, घरातली गाणी कोणती? तीच लागतात. बाहेरची चालत नाहीत."

मी म्हणालो, "अक्का गात नाही. कधीच गायली नाही."

हे खोटं होतं. खरं का सांगितलं नाही, ते पुढे येईल.

वसंतानं कर्नाटक संगीतातल्या कृती म्हणून पाहिल्या, जुनी सिनेमाची गाणी म्हणून पाहिली. अक्काचा हात ठेका धरायचा, ओठ मिटलेले. असे बरेच आठवडे गेले.

मग ती दुपार. कमला देवळात गेली होती. घरात आम्ही तिघंच, मी दारातल्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पेपर वाचत होतो. आतून वसंताचं गुणगुणणं आलं आणि माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. ती चाल मी ओळखत होतो. अर्ध्या ओळीपर्यंत गेली आणि तुटली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच तुटली.

मी आत जाऊन विचारलं, हे कुठलं गाणं?

"तुमच्याच घरातलं की, सार," ती म्हणाली. "मी येते तेव्हा त्या खोलीतून ऐकू येतं. मॅडम गुणगुणत असतील असं वाटायचं. पण रोज इथंच थांबतात... पुढचं तुम्हाला येतं का?"

तिनं कोठीच्या खोलीकडे बोट केलं. दाराला बाहेरून कडी होती.

आता ते सांगतो. आमच्यात लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात, त्याला ऊंजल म्हणतात. माझ्या ऊंजलसाठी आईनं, मी लहान असतानाच, एक गाणं रचलं होतं. लिहिलेलं नव्हतं. आई गेली, ते एकट्या अक्काला येत होतं. माझं लग्न याच घरात झालं, कमलाच्या वडिलांचं ओरत्तनाडुचं घर लहान म्हणून. विधवेनं झोपाळ्यासमोर यायचं नाही. अक्का कोठीच्या खोलीत तांदूळ मोजून देत होती. झोपाळ्यावर बसायच्या आधी मी त्या बाजूनं गेलो, तर ती आत हलक्या आवाजात आईचं गाणं म्हणत होती. माझ्यासाठी. पुढच्या दालनात सासरची माणसं बसली होती. अपशकुन म्हणतील, या भीतीनं मी म्हणालो, "अक्का, आज नको." आणि दार ओढून बाहेरून कडी घातली. ओळ अर्ध्यावर तुटली. नागस्वरम्, म्हणजे आमची सनई, जोरात चाललं होतं; दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यानंतर अक्का कधी गायली नाही. आणि गाणं कुठं तुटलं, ते आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कमलालासुद्धा नाही.

वसंतानं पुन्हा ती अर्धी ओळ गुणगुणली आणि थांबली. अक्कानं डोळे मिटले. अगदी स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता, पुढची अर्धी ओळ तिनं म्हटली —

"...झोका हळू द्या गे, माझा सखा बैसला."

सखा हे माझं घरातलं नाव. आईनंतर मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

इथं कुणीही माणूस आनंदानं रडला असता. मी मात्र वसंतावर ओरडलो. कुणाला विचारत फिरलीस? घरातल्या गोष्टी काढून चमत्कार दाखवायचा, हाच का तुझा धंदा? ती उभी राहिली, एवढंच म्हणाली, "सार, त्या बोलताहेत. आधी त्यांच्याकडे बघा."

अक्का माझ्याकडेच बघत होती. पुन्हा तोंड उघडत होती, पुढची ओळ येत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "अक्का, आज नको."

तिनं तोंड मिटलं.

वसंता त्या दिवशी गेली ती पुन्हा आली नाही; मीच येऊ नको म्हटलं. कमलाला सांगितलं, ती बाई भोंदू आहे. व्यायामवाल्या मुलीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. पुढं कळलं, तंजावूरमधून तिला कुणी बोलवेनासं झालं. अक्काला मी दुसऱ्या कुणाकडे नेलं नाही. वर्षभरात ती गेली, एक शब्द न बोलता.

कारण मी खूप शोधलं. शेजारचा टीव्ही? ते गाणं कुठं छापलेलं नाही, वाजलेलं नाही. कमलाला ती चालच ठाऊक नव्हती. अक्काच्या तोंडून त्याआधी सूर निघाला नव्हता. त्या खोलीत मी भर दुपारी कित्येकदा जाऊन बसलो... मला काही ऐकू आलं नाही. वसंताला काय ऐकू येत होतं, आणि तिलाच का, हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगतो की ती खोटं बोलत नव्हती. पापनाशमच्या त्या बाईबद्दल तंजावूरात जे पसरलं, ते मी पसरवलं.

अक्काच्या शेवटच्या दिवसांत रोज सकाळी मी तिला काप्पी, म्हणजे कॉफी, चमच्यानं पाजायचो. तिला सगळं कळत होतं. रोज ठरवायचो, आज सांगू. वाक्यं मनात तयार असायची. चमचा पुढे करायचो, तिचं तोंड पुसायचो आणि उठून यायचो. ती वाक्यं अजून तशीच आहेत — अक्का, मला लाज वाटली ती तुझी नव्हे, माझी. मला क्षमा कर. पुढचं म्हण, मी ऐकतो.