कागद त्यांचा, कान माझे

विसरलासा न्हवं मला? नाटकात सासू, सिनेमात आई आणि आता सिरियलमध्ये आज्जी झालेली मीच ती. मी सांगतेय, नात टाईप करतेय.

आज शूटिंगला नव्या डायरेक्टरनं बदललेल्या सीनचा कागद हातात दिला. म्हटलं, "मला वाचता येत न्हाय, बाळा."

तो असिस्टंटला म्हणाला, "आज्जींची वाक्यं काढा. नुसतं बसू द्या."

"एक टेक दे. चुकले तर काढ की!"

सोबत आलेल्या नातीनं सगळा सीन दोनदा वाचून दाखवला. मी ऐकून पाठ करते, त्यामुळं समोरच्याची वाक्यंही आपसूक पाठ होतात.

कॅमेरा सुरू झाला आणि कागद घोकून आलेला माझा सिरियलमधला जावईच मध्ये अडकला. मी लगेच म्हटलं, "बोला की जावईबापू! जमीन विकूया म्हणायला आलायसा न्हवं?"

त्याला वाक्य आठवलं. सीन एका टेकमध्ये ओके! सगळ्या सेटनं टाळ्या वाजवल्या.

डायरेक्टर म्हणाला, "आज्जी, उद्याचा सीन मी स्वतः वाचून दाखवतो."

"मोठ्यानं वाच. तुझंही पाठ होईल."

आता हे वाचून कौतुक म्हणून नुसतं फुलांचं फोटो पाठवू नगासा. नृसिंहवाडीला जाणाऱ्यांनी कवठाची बर्फी पाठवा. पेढं नकोत, कवळीला चिकटतात.