अक्काच्या ताटातलं संशोधन

"पोटॅशियम वाढलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतकं की हृदय कधीही थांबेल."

बेळगावच्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीत म्हणजे तातडीच्या विभागात, माझी थोरली बहीण अक्का पडून होती. सकाळी अंगणात बसली ती उठेचना. पाय ओल्या ओंडक्यासारखे झालेत, म्हणाली. जोयडा तालुक्यातल्या आमच्या गावातून तिला जीपमध्ये घालून आणली. थकवा असेल, अशी वाटभर माझी समजूत. ईसीजी, म्हणजे ठोक्यांचा आलेख बघून नर्स पळत गेली तेव्हा ती समजूत गेली.

या आजाराला हायपरकॅलेमिया म्हणतात. पोटॅशियम हा क्षार जेवणातून येतो आणि जादा झालेला मूत्रपिंडं बाहेर टाकतात. अक्काची मूत्रपिंडं साखरेच्या आजारानं आधीच अधू. मग तो रक्तात साठतो.

तो तिच्या रक्तात मी साठवला होता.

मी आरोग्याची पानं वाचणारा माणूस. कॉफीनं यकृत सुधारतं, अंड्यानं हृदय बिघडतं, चार महिन्यांनी त्याच अंड्यानं ते सुधारतं. मेंदू, आतडी, हाडं, सगळ्यांची बातमी दोन इंची, आणि ती वाचून मी गावभर शहाणपण वाटायचो. असली पानं भरणारे फालतू, आणि ती वाचून दुसऱ्याच्या ताटात हात घालणारे माझ्यासारखे त्याहून फालतू.

कमी सोडियमच्या मिठानं रक्तदाब उतरतो, असं एकदा वाचलं. अक्काला रक्तदाबही होता, म्हणून रामनगरला जाऊन तसल्या मिठाचे पुडे आणले. त्यातच जोयड्याला कंदांचा मेळा भरला. आमच्या रानातले मुडली, कणगी असले कंद बघायला शहरातले लोक येतात, फोटो काढतात. तिथं एका फलकावर लिहिलं होतं, कंद साखरेच्या आजाराला चांगले, संशोधनानं सिद्ध. आमच्या खाण्याला बाहेरच्यानं चांगलं म्हटलं की आमची छाती फुगते. माझीही फुगली. पिशवी भरून घरी आलो.

अक्का म्हणाली, "आरं, कंद कमी खा म्हटलंय न्हवं डाक्तरनं?"

"तो जुना डॉक्टर, अक्का. हे नवं संशोधन हाय."

"व्हय काय? मीठ तुझं कडू लागतंय बघ. पण एवढं शिकलेला भाऊ सांगतोय म्हटल्यावर गिळतो बाबा."

ती रोज गिळत राहिली.

दवाखान्यात आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, ते हृदयाला सांभाळतं. मग इन्शुलिन आणि ग्लुकोज, त्यानं पोटॅशियम रक्तातून पेशींत सरकतं. त्यानंतर डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घेणं. दुसऱ्या दिवशी अक्का बोलायला लागली.

"खाण्यात काय होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "नेहमीचंच की. भात, आमटी. दुसरं काय न्हाई."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. गप्प राहिलो.

"नेहमीच्या जेवणावर एवढं चढत असेल," बाई म्हणाल्या, "तर मूत्रपिंडं संपली असं धरावं लागेल. हातात फिस्टुला करू." फिस्टुला म्हणजे हाताच्या दोन रक्तवाहिन्या जोडणं, कायमच्या डायलिसिससाठी. मग जन्मभर, आठवड्यातून दोनतीनदा, बेळगाव.

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. खानापूरचे मामा भेटायला आलेले. त्यांनी फोन पुढे केला. "हे वाच. उपास केला की किडनी नवी होते म्हणे. आलंय संशोधन."

"कुणावर केलंय, मामा?"

"आता ते कशाला पायजे तुला? लिहिलंय न्हवं?"

त्यांचा मला संताप आला. मग लक्षात आलं, मी अक्काशी हुबेहूब असंच बोलत होतो. उठलो आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन मीठ, कंद, सगळं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सोडियम कमी केलं तर त्या जागी काय घातलं असेल? पोटॅशियम. कंदांतही तेच भरपूर. त्या मिठाच्या अभ्यासांतून मूत्रपिंडाचे रोगी बहुतेक वेळा आधीच वगळलेले असतात. तुम्ही वगळलेल्या बाईला ते चारलंत. आणि मघाशी माझ्यासमोर गप्प उभे होतात! मी त्यांचा हात कापला असता."

बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. जावं.

फिस्टुला थांबवला. मीठ आणि कंद बंद करून रोज रक्त तपासलं. पोटॅशियम उतरलं आणि यंत्राशिवाय खालीच राहिलं. मूत्रपिंडं अधू आहेत, पण संपलेली नाहीत.

अक्काला सांगितलं तर तीच माझ्यावर चिडली. "कशाला सांगितलास? चार लोकांत बोलली न्हवं तुला?"

त्या बोलण्याबद्दल मी डॉक्टरबाईंचा जन्मभर ऋणी आहे. अक्काला वाचवणारं इंजेक्शन आणि यंत्रही संशोधनातूनच आलं, हेही मला मान्य आहे. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर बातमी वाचल्यावर एवढंच बघा, हा प्रयोग कुणावर झाला, आणि आपलं माणूस त्यांच्यातलं आहे का. कळलं नाही तर डॉक्टरांना विचारा. मला त्यात कमीपणा वाटायचा.

घरी आल्यावर पहिलं ताट मी वाढलं. अक्का काही न विचारता जेवायला बसली. एवढं होऊनही. ती विचारणार नाही, हे आता मला ठाऊक आहे. म्हणून तिच्या पुढ्यात काही ठेवण्याआधी मी बेळगावला फोन लावतो.